एका किलोत चाळीस लाख टन पोलाद

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत इंडक्शन भट्टी चालवणाऱ्याला विचारा, एक टन भंगार वितळवायला वीज किती लागते? कागद न बघता तो सांगेल, साधारण ५५० ते ६०० युनिट. भंगाराचा भाव, सळईचा भाव आणि विजेचा दर, या तीन आकड्यांवरच त्याचा धंदा उभा असतो. त्याच्याच हिशेबाने आज एक अचाट भट्टी मोजायची आहे.

औष्णिक वीजकेंद्रात एक किलो कोळसा जाळला की जेमतेम दीड युनिट वीज हाती येते. सूर्याच्या पोटात एक किलो हायड्रोजनचा हेलियम होतो तेव्हा त्यातल्या ०.७ टक्के वस्तुमानाची ऊर्जा होते, म्हणजे सुमारे साडेसतरा कोटी युनिट. आणि एक किलो पदार्थ कृष्णविवराभोवती गरगरत आत पडतो तेव्हा? तो वायू असो, धूळ असो की जालन्याचं भंगार, जवळपास १० टक्के वस्तुमान तो वाटेतच ऊर्जा म्हणून बाहेर टाकतो. हे झाले २५० कोटी युनिट. टनाला ६०० युनिट धरले तरी तेवढ्यात चाळीस लाख टनांहून अधिक पोलाद वितळेल. एका किलोत!

कृष्णविवर स्वतः काळंच असतं. त्यातून काही बाहेर येत नाही. उजेड पडतो तो आत पडण्याआधी. चहूबाजूंनी ओढला जाणारा वायू सरळ आत कोसळत नाही, तो तबकडीसारखा फिरत राहतो. आतले थर जोरात, बाहेरचे हळू. थर एकमेकांवर घासतात, तापतात आणि पेटून उठतात. दीर्घिकेच्या मध्यभागी अशी भट्टी पेटली की तिला सक्रिय केंद्रक म्हणतात. ती फारच प्रखर असली तर तिचं नाव क्वेसार.

किती प्रखर? २०२४ साली जाहीर झालेल्या एका क्वेसारचं तेज ५ कोटी कोटी सूर्यांएवढं भरलं. दहा टक्क्यांच्या हिशेबाने एवढा उजेड चालू ठेवायचा तर इंधन लागतं रोज एक सूर्य. सेकंदाला जवळजवळ चार पृथ्व्या. तिथून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत यायला १२०० कोटी वर्षं लागली आहेत.

इतक्या लांबच्या भट्टीचं तापमान मोजायचं कसं? जसं जालन्यात मोजतात तसंच: तिच्याकडे बघून. वितळलेलं पोलाद सुमारे १६०० अंश सेल्सिअसला असतं. त्याचा पांढरा-पिवळा झळाळ डोळे दिपवतो. पण त्या रसातून निघणाऱ्या ऊर्जेचा शंभरातला एक हिस्साही डोळ्यांना दिसत नाही. बाकी जवळजवळ सगळी ऊर्जा अवरक्त किरणांची. भट्टीजवळ उभं राहिल्यावर तोंडावर जी झळ बसते, ती हीच. या किरणांची सर्वांत प्रबळ तरंगलांबी दीड मायक्रॉनच्या आसपास येते. वस्तू जितकी तापलेली, तितकी ही लांबी आखूड. हा नियम जालन्यात लागू आहे तसा क्वेसारलाही.

एनजीसी १०६८ ही दीर्घिका आपल्यापासून ४ कोटी ७० लाख प्रकाशवर्षांवर आहे. तिच्या केंद्रातली तबकडी धुळीच्या जाडजूड कड्यामागे दडलेली आहे. चिलीतल्या चार मोठ्या दुर्बिणींचा अवरक्त प्रकाश एकत्र करून २०२२ मध्ये या धुळीचं तापमान मोजलं गेलं: बाहेर खोलीतल्या हवेइतकं, आत सुमारे १२०० अंश. री-रोलिंग मिलमध्ये सळई ओढण्याआधी बिलेट तापवतात ते साधारण एवढंच. याहून फार वर धूळ टिकत नाही, तिची वाफ होते. म्हणून कड्याची आतली कड नेमकी तिथे असते जिथे धुळीची वाफ व्हायची थांबते. अवरक्त किरण आपल्याला पोचवतात ते या कडेपर्यंतच.

तिच्या आत तापमान भराभर चढतं. तबकडीचा आतला भाग लाखभर अंशांच्या घरात, त्याचा मुख्य प्रकाश अतिनील. तबकडीच्या वर विरळ वायूचा एक प्रभामंडल असतो, त्याचं तापमान १०० कोटी अंशांपर्यंत जातं. सूर्याचा गाभा दीड कोटी अंशांचा. हा त्याच्या साठपटींहून जास्त. तबकडीतून निघालेला प्रकाश या वायूतल्या इलेक्ट्रॉनांवर आपटत आपटत ऊर्जा कमावतो आणि क्ष-किरण होऊन बाहेर पडतो.

एनजीसी १०६८ मध्ये या क्ष-किरणांच्या वाटेत इतका वायू आहे की बहुतेक किरण अडतात. दर चौरस सेंटीमीटरमागे हायड्रोजनचे अणू मोजले तर एकावर पंचवीस शून्यं. आकडा भयंकर वाटतो, पण वजन केलं तर भरतं जेमतेम १७ ग्रॅम. दोन सेंटीमीटर जाडीच्या पोलादी प्लेटचं प्रति चौरस सेंटीमीटर वजन तेवढंच असतं. प्रकाशवर्षांच्या पल्ल्यात पसरलेली भिंत, आणि ऐवज २० एमएमच्या प्लेटचा.

आता आकारमान. जालना जिल्हा पूर्व-पश्चिम साधारण ११० किलोमीटर आहे. लाखभर प्रकाशवर्षं रुंदीची दीर्घिका त्यात बसवली, तर एक प्रकाशवर्ष होतं एक मीटर. या नकाशावर एम ८७ दीर्घिकेतलं महाकाय कृष्णविवर केवढं येईल? २०१९ मध्ये ज्याच्या सावलीचं छायाचित्र जगभर गाजलं, ते हेच. वजन ६५० कोटी सूर्यांचं. त्याचा व्यास भरतो चार मिलिमीटर, ज्वारीच्या दाण्याएवढा. भोकरदनपासून परतूरपर्यंत पसरलेल्या सगळ्या ताऱ्यांना एकत्र झाकोळण्याची ताकद या दाण्याच्या अवतीभवती असते. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातलं कृष्णविवर ४३ लाख सूर्यांचं. त्याचा व्यास याच नकाशावर तीन मायक्रॉनहूनही कमी, आणि ते सध्या जवळजवळ उपाशी आहे.

इतकी लहान गोष्ट दुर्बिणीत ठिपक्यापलीकडे दिसत नाही. मग आकार कळतो तो घड्याळावरून. एखादा स्रोत तासाभरात दुप्पट उजळला तर त्याची रुंदी प्रकाशाच्या तासाभराच्या वाटेहून फार मोठी असू शकत नाही, कारण बदलाची खबर एका टोकाकडून दुसऱ्याकडे प्रकाशापेक्षा वेगाने जात नाही. प्रकाशाचा एक तास म्हणजे १०८ कोटी किलोमीटर, सूर्यापासून शनीपर्यंतही नाही. क्ष-किरणांत अनेक केंद्रकं अशी तासांच्या हिशेबात चढउतार करतात. धुळीचं मात्र सावकाश चालतं. एनजीसी ४१५१ मध्ये तबकडी उजळली की सुमारे ५० दिवसांनी अवरक्त प्रकाश वाढतो. याचा अर्थ धुळीची कड ५० प्रकाशदिवसांवर, जालन्याच्या नकाशात १४ सेंटीमीटरवर.

या सगळ्यात लोखंडाची साक्ष सर्वांत मोलाची. भंगाराच्या धंद्यात धातूची प्रत तपासायला बंदुकीसारखं क्ष-किरण यंत्र वापरतात. त्याने मारा केला की लोखंडाचा अणू ६.४ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा क्ष-किरण परत फेकतो. दुसऱ्या कुठल्या मूलद्रव्याची सही अशी नसते. कृष्णविवराभोवतीच्या तबकडीतही लोखंड आहे, आणि वरच्या प्रभामंडलाचा मारा झाला की तेही हीच सही देतं. फक्त तिथून बाहेर पडताना किरणाला गुरुत्वाकर्षणाची किंमत मोजावी लागते. १९९५ मध्ये जपानच्या आस्का उपग्रहाला एका दीर्घिकेत ही सही ६.४ पासून पार खाली ओघळलेली दिसली. जितक्या आतून किरण निघाला, तितका तो थकलेला. कृष्णविवर स्वतःभोवती जोरात फिरत असेल तर तबकडी जास्त आतपर्यंत पोचते, म्हणून या ओघळावरून फिरण्याचा वेग काढता येतो. एनजीसी १३६५ मधलं २० लाख सूर्यांचं कृष्णविवर शक्य त्या कमाल वेगाच्या किमान ८४ टक्के वेगाने फिरतं, असं २०१३ मध्ये अशाच मोजणीतून निघालं.

क्ष-किरण आपल्या हवेतून खाली येत नाहीत, म्हणून यंत्रं वर न्यावी लागतात. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटाहून गेलेला ॲस्ट्रोसॅट ६५० किलोमीटरवरून फिरतो. त्याची क्ष-किरण दुर्बीण आणि मोठे क्ष-किरण गणक घडले मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. समोरून आलेला क्ष-किरण आरशात घुसतो, परतत नाही. म्हणून या दुर्बिणीत सोन्याचा मुलामा दिलेले पातळ पत्रे एकात एक बसवले आहेत आणि किरण त्यांना निसटता स्पर्श करून वळतात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत गुलाब देवांगण यांच्या गटाने ॲस्ट्रोसॅटची अतिनील आणि क्ष-किरण निरीक्षणं जोडून तबकडी आणि प्रभामंडल यांचा एकत्र अभ्यास केला आहे. अजित केंभावी आणि जयंत नारळीकर यांचं क्वेसार आणि सक्रिय केंद्रकांवरचं इंग्रजी पाठ्यपुस्तक १९९९ चं, तेही पुण्यातूनच लिहिलेलं.

अवरक्त दुर्बिणीची अडचण उलटी. मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या जालन्यात भिंत, माणूस, लोखंडी पत्रा, सगळंच नऊ मायक्रॉनच्या आसपास उजळत असतं. दुर्बीणही तशीच गरम असेल तर ती स्वतःच्याच उजेडात आंधळी होते. म्हणून २०२१ च्या डिसेंबरात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीचं एक उपकरण उणे २६६ अंशांवर ठेवतात.

या दुर्बिणीने आणि चंद्रा या क्ष-किरण वेधशाळेने मिळून २०२३ मध्ये एक कोडं समोर ठेवलं. वेबला अवरक्त प्रकाशात युएचझेड १ ही दीर्घिका दिसली, विश्व अवघं ४७ कोटी वर्षांचं असतानाची. चंद्राने त्याच जागी मिळून दोन आठवडे नजर लावली आणि हाती आले क्ष-किरणांचे अगदी मोजके कण. तेवढ्यावरून कृष्णविवराची खात्री पटली. वजन १ ते १० कोटी सूर्यांच्या दरम्यान.

आता चक्रवाढीचं गणित करू. कृष्णविवराने फार हावरेपणा केला तर त्याच्याच प्रकाशाचा दाब येणाऱ्या वायूला मागे रेटतो. या मर्यादेत राहून खाल्लं तर वजन दुप्पट व्हायला सुमारे साडेतीन कोटी वर्षं लागतात. एखादा मोठा तारा कोसळून झालेलं १०० सूर्यांचं विवर ४ कोटींपर्यंत न्यायचं तर साडेअठरा वेळा दुप्पट करावं लागेल: ६५ कोटी वर्षं. हाताशी होती ४७ कोटी. पण अख्खा वायूचा ढगच कोसळून सुरुवातीलाच लाख सूर्यांचं बीज तयार झालं असेल, तर तीस कोटी वर्षांत काम भागतं आणि पहिले ढग जमायला सतरा कोटी उरतात. नाहीतर लहान बीजाने मर्यादा झुगारून खाल्लं असलं पाहिजे.

दोन्ही वाटांमधला फरक वजनकाट्यावर दिसतो. आज आपल्या शेजारच्या दीर्घिकांमध्ये कृष्णविवर त्यांच्या ताऱ्यांच्या एकूण वजनाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतं. बीज मोठं असेल तर सुरुवातीच्या काळात ते ताऱ्यांच्या बरोबरीचं भरायला हवं. युएचझेड १ मध्ये ते जवळपास बरोबरीचंच भरलं आहे.