गुलामगिरी, कापूस आणि कर्जरोखे

इ. स. 1873 मध्ये जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक पुण्यात प्रसिद्ध झाले. जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादरूपाने लिहिलेल्या या पुस्तकाची अर्पणपत्रिका मात्र अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लोकांना उद्देशून होती. तेथील सज्जनांनी आफ्रिकी गुलामांना मुक्त करण्याच्या कामी जी निरपेक्ष बुद्धी दाखविली, तिचा कित्ता आपल्या देशबांधवांनी गिरवावा आणि शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावे, अशी इच्छा तीत व्यक्त केलेली आहे. अमेरिकेतील दास्य कातडीच्या रंगावर उभे होते, येथील जन्मावर आणि धर्मग्रंथांवर. तेव्हा ही तुलना ओढूनताणून केलेली आहे, असे एखाद्यास वाटेल. परंतु रंगाचे महत्त्व अमेरिकेतही आरंभापासून ठरलेले नव्हते. ते कायद्याने, क्रमाक्रमाने आणि मळेवाल्यांच्या गरजेनुसार ठरविण्यात आले.

इंग्रजांनी व्हर्जिनियात 1607 मध्ये जेम्सटाउन वसविले. तंबाखू हे या वसाहतीचे नगदी पीक, आणि त्याला राबते हात फार लागत. आरंभी ते इंग्लंडमधील दरिद्री तरुणांनी पुरविले. जहाजाच्या भाड्यापोटी चार ते सात वर्षे मळेवाल्याकडे राबण्याचा करार ते करीत. मुदत संपली की मोकळे होत. 1619 मध्ये सुमारे वीस आफ्रिकी माणसे तेथे विकण्यात आली, त्या वेळी त्यांच्या दर्जाविषयी कोणताही कायदा नव्हता. काही आफ्रिकी लोक पुढे स्वतंत्र झाले, जमिनी राखून राहिले. माणसामाणसांतील भेद सांगताना ‘ख्रिस्ती’ आणि ‘अख्रिस्ती’ हीच भाषा पुष्कळदा वापरली जाई.

हा भेद रंगाकडे कसा सरकला, ते तेथील न्यायालयांच्या कागदपत्रांत दिसते. 1640 मध्ये पळून गेलेले तीन करारबद्ध नोकर पकडले गेले. गुन्हा एकच. दोघा युरोपियनांची मुदत काही वर्षांनी वाढली. जॉन पंच नावाच्या आफ्रिकी नोकराला मात्र जन्मभर चाकरीची शिक्षा झाली. 1656 मध्ये एलिझाबेथ की हिने स्वातंत्र्यासाठी दावा लावला. तिची आई आफ्रिकी, बाप इंग्रज. इंग्रजी रूढीप्रमाणे अपत्याला बापाचा दर्जा मिळतो, शिवाय आपला बाप्तिस्मा झालेला आहे, असे तिचे म्हणणे होते, आणि ती जिंकली. मळेवाल्यांना हा निकाल परवडणारा नव्हता. 1662 मध्ये वसाहतीच्या कायदेमंडळाने ठरविले की, अपत्याचा दर्जा आईवरून ठरेल. इंग्रजी रूढी उलटी करणाऱ्या या एका कलमामुळे दासीपोटी झालेले मालकाचे स्वतःचे मूलही त्याची मालमत्ता झाले. 1667 च्या कायद्याने बाप्तिस्मा घेतल्यामुळे गुलाम मुक्त होणार नाही, असे जाहीर केले. धर्माचे दार अशा रीतीने बंद झाले. उरला तो रंग, आणि रंग बदलता येत नाही.

1676 मध्ये नॅथॅनिअल बेकन याच्या नेतृत्वाखाली बंड झाले व जेम्सटाउन जाळण्यात आले. बंडाचे मूळ अमेरिकेच्या आदिवासींवर चाल करून जाण्याच्या मागणीत होते, तेव्हा त्याला समतेचा लढा समजण्याचे कारण नाही. तथापि गोरे नोकर आणि काळे गुलाम त्यात एकत्र लढले, ही गोष्ट मळेवाल्यांच्या मनात राहिली. पुढे इंग्लंडमधून येणारे नोकर कमी झाले आणि आफ्रिकेतून माणसे आणणे सुलभ झाले. यांपैकी कोणते कारण अधिक बलवत्तर, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. 1691 मध्ये मिश्रविवाह करणाऱ्या गोऱ्यांना वसाहतीतून हद्दपार करण्याचा कायदा झाला आणि 1705 च्या संहितेत या सर्व नियमांना पक्के रूप मिळाले. गोऱ्या गरिबाच्या पदरात जमीन फारशी पडली नाही. आपल्याखाली कोणीतरी आहे, एवढे समाधान पडले. जातिव्यवस्थेत वाढलेल्या वाचकास या समाधानाचा अर्थ समजावून सांगावयास नको.

तंबाखूनंतर कापूस आला. 1793 मध्ये एली व्हिटनी याने सरकी काढण्याचे यंत्र बनविले आणि लँकेशायरच्या गिरण्यांची भूक दक्षिणेकडील संस्थाने भागवू लागली. 1790 मध्ये अमेरिकेत सुमारे सात लाख गुलाम होते. 1860 मध्ये ती संख्या चाळीस लाखांच्या घरात गेली.

धर्म या काळात कोठे होता? अमेरिकन बोर्डाचे मिशनरी 1813 मध्ये मुंबईस उतरले आणि 1831 मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणे घातले. तेथील सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळा पाहूनच जोतीरावांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्राने 1855 मध्ये मुक्ता साळवे या मांग जातीच्या विद्यार्थिनीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला. नगरच्या ख्रिस्ती मंडळीने जातिभेद सोडावा, असा या मिशनऱ्यांचा आग्रह असे. परंतु त्याच बोर्डाने चेरोकी व चोक्टॉ लोकांमधील आपल्या चर्चमधून गुलामांच्या मालकांना काढून टाकण्यास नकार दिला. त्यामुळे रुष्ट झालेल्यांनी 1846 मध्ये वेगळी मिशनरी संघटना काढली. दूरदेशीचा अन्याय स्पष्ट दिसतो; घरच्या अन्यायावर देणग्या अवलंबून असतात.

1861 मध्ये यादवी युद्ध सुरू झाले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडविली आणि लँकेशायरचा कापूस तुटला. तो मुंबईकडून मागविण्यात येऊ लागला. वऱ्हाड-खानदेशातील भाव चढले. मुंबईत शेअरांचा सट्टा माजला, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या. एप्रिल 1865 मध्ये युद्ध संपले आणि 1 जुलै रोजी मुंबईचा बाजार कोसळला.

पुणे-नगरच्या कोरडवाहू मुलखात कापूस बेताचाच, पण तेजीचा पैसा तेथेही पोहोचला होता. सावकार सढळ हाताने कर्जे देत होते. भाव उतरल्यावर हात आखडला; त्यात 1867 नंतर पुणे जिल्ह्यातील काही तालुक्यांत सारा वाढविण्यात आला. 1859 च्या मुदतीच्या कायद्यामुळे कर्जरोखे तीन वर्षांनी नवे करावे लागत, आणि दर वेळी चढलेले व्याज मुद्दलात मिळविले जाई. 12 मे 1875 रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांची घरे फोडली व रोखे जाळले. चौकशी आयोगाने नोंदविले की, रोष जवळजवळ सर्वत्र मारवाडी व गुजर सावकारांवर होता. ब्राह्मण सावकारांना बहुधा कोणी हात लावला नाही. कर्जाचा जाच सारखाच असला, तरी ज्याच्यावर हात टाकावयाचा तो परका निवडला गेला. 1879 च्या कायद्याने रोख्यामागचा मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला.

अमेरिकेत मुक्त झालेल्या गुलामांना जमीन मिळाली नाही. ते जुन्याच मालकांच्या शेतांवर अर्धेलीने कापूस पिकवू लागले आणि उभ्या पिकाच्या तारणावर दुकानदाराकडून उधारी घेऊ लागले. जोतीरावांच्या अर्पणपत्रिकेत याचा उल्लेख नाही. 1883 मध्ये त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला. तेथे भटशाहीवरील टीका तशीच आहे, परंतु सरकारी सारा, सावकारी, कोर्टकचेऱ्यांतील खर्च आणि विलायती माल यांचाही हिशेब तिच्या बरोबरीने मांडलेला आहे.