मूळ प्रत कुठे आहे?

सकाळी फोनवर वाचलेला मेल दुपारी कचेरीतल्या संगणकावर आधीच वाचलेला दिसतो आणि तिथे अर्धवट राहिलेले उत्तर रात्री घरच्या लॅपटॉपवर पुरे करता येते. ही सोय आज अंगवळणी पडली आहे, पण ती सहज मिळालेली नाही. पत्राची मूळ प्रत वाचणाऱ्याच्या यंत्रात राहावी की सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरवर, या एका प्रश्नाला गेल्या चाळीस वर्षांत दोन वेगळी उत्तरे मिळाली. अनेक उपकरणांच्या काळात दुसरे उत्तर जिंकले आणि ते योग्यच झाले. मात्र पहिल्या उत्तरात एक मोलाची गोष्ट होती. ती आपण नकळत सोडून दिली, आणि ती पुन्हा मिळवणे अजूनही आपल्या हातात आहे.

पहिले उत्तर 1984 साली ‘पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल’ म्हणजे पॉप या पद्धतीने दिले. 1988 मध्ये तिची तिसरी आवृत्ती आली आणि पुढे तीच जगभर रुळली. नावाप्रमाणे सर्व्हर म्हणजे टपाल कचेरी: पत्र तिथे थांबते, मालक येऊन घेऊन जातो आणि कप्पा रिकामा होतो. मेल उतरवून घ्यायचा आणि मग सर्व्हरवरून पुसायचा, हीच नेहमीची रीत असल्याचे या पद्धतीच्या 1996 च्या प्रमाण-मसुद्यातही नोंदलेले आहे. त्या परिस्थितीत ही रीत शहाणपणाची होती. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा जोडणी टेलिफोनच्या तारेवरून होत असे आणि जोडलेल्या वेळेचे पैसे पडत. झटकन जोडायचे, पत्रांचा गठ्ठा उतरवायचा, तार मोकळी करायची आणि मग निवांत वाचायचे, यातच काटकसर होती. सर्व्हरवरची जागाही तुटपुंजी होती. 1996 मध्ये सुरू झालेल्या हॉटमेलवर मोफत खात्याला 2 एमबी जागा मिळे. आजचे एक छायाचित्रही कित्येकदा त्याहून मोठे असते.

दुसरे यंत्र आले आणि ही घडी विस्कटली. कचेरीतल्या संगणकाने मेल उतरवून घेतला की घरच्या संगणकाला तो दिसेना. त्यावर ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ हा पर्याय शोधला गेला, पण ते ठिगळ होते. प्रत दोन्हीकडे मिळाली, तरी वाचल्याची खूण, उत्तर दिल्याची नोंद आणि फोल्डरांची मांडणी ज्या त्या यंत्रापुरतीच राहिली. पाठवलेले पत्र ज्या यंत्रावरून गेले तिथेच पडून राही. म्हणजे एका खात्याच्या दोन वेगवेगळ्या वह्या झाल्या, आणि कोणती खरी हे मालकालाच आठवावे लागे. पॉप ही पद्धत दोन यंत्रांत मेळ घालण्यासाठी आखलेलीच नव्हती, त्यामुळे हा दोष सेटिंग बदलून सुटण्यासारखा नव्हता.

खेदाची बाब अशी की दुसरे उत्तर तोवर तयार होते. 1986 मध्येच स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅप या पद्धतीची आखणी केली. तिचा विचार सरळ होता: पत्रे सर्व्हरवरच राहतील आणि यंत्र ही त्यांच्याकडे पाहण्याची खिडकी असेल. वाचलेले, उत्तर दिलेले, महत्त्वाचे, पुसायचे या खुणाही सर्व्हरवर लागतात, म्हणून त्या प्रत्येक खिडकीतून सारख्याच दिसतात. 1994 मध्ये तिची चौथी आवृत्ती आली. 1997 मध्ये नवे पत्र येताच सर्व्हरने स्वतःहून यंत्राला कळवण्याची सोयही तिला जोडली गेली. तरीही सामान्य वापरात ती यायला आणखी दहा वर्षे गेली. अडचण तंत्राची नव्हती, साठवणुकीच्या आणि जोडणीच्या खर्चाची होती. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांच्या हॉटमेलने ब्राउझरमधून, म्हणजे सायबर कॅफेतल्या कुठल्याही संगणकावरून, तोच अनुभव आधी दिला. 2004 मध्ये जीमेलने 1 जीबी जागा देऊन साठवणुकीचा प्रश्न निकालात काढला. 2007 मध्ये आयफोन आला आणि त्याच वर्षी जीमेलने आयमॅप मोफत खुले केले. सतत जोडलेले दुसरे यंत्र खिशात आले, तेव्हा कुठे एकवीस वर्षांपूर्वीच्या कल्पनेची गरज सर्वांना पटली.

आयमॅपही निर्दोष नाही, असा आक्षेप घेतला जातो आणि तो खरा आहे. मेल पाठवण्याचे काम एसएमटीपी ही निराळीच पद्धत करते, त्यामुळे पाठवलेल्या पत्राची प्रत सर्व्हरवर वेगळी चढवावी लागते. कधी ती दोनदा साठते, कधी ‘सेंट’ आणि ‘सेंट आयटम्स’ अशा दोन फोल्डरांत विखुरते. कोणता फोल्डर कशासाठी आहे हे सर्व्हरने सांगण्याची रीत 2011 मध्ये ठरली. पण हे दोष दुरुस्त होण्याजोगे आहेत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सगळी पत्रे कंपनीच्या ताब्यात गेली. हेही खरे, पण पॉपकडे परतणे हा त्यावरचा उपाय नव्हे. एकाच संगणकात असलेला पत्रव्यवहार चकती बिघडली की कायमचा जातो, आणि तसा तो असंख्य लोकांचा गेला आहे.

खरे नुकसान वेगळे आहे. पॉपच्या काळात स्वतःजवळ एक प्रत आपोआप राहत असे; आयमॅपमध्ये ती राहतेच असे नाही. सर्व यंत्रांवर पत्र दिसते म्हणून त्याच्या अनेक प्रती आहेत असा समज होतो, पण मूळ प्रत एकच असते. फोनवर चुकून पुसलेले पत्र लॅपटॉपवरूनही जाते. मेळ म्हणजे राखीव प्रत नव्हे. फेब्रुवारी 2011 मध्ये एका सॉफ्टवेअर दोषामुळे जीमेलच्या सुमारे 0.02 टक्के वापरकर्त्यांचे मेल दिसेनासे झाले. अनेक केंद्रांत प्रती असूनही दोष त्यांच्यापर्यंत पोचला होता. शेवटी जाळ्यापासून तोडून ठेवलेल्या चुंबकीय फितींवरून पत्रे परत आणावी लागली. खुद्द गूगललाही अलिप्त ठेवलेल्या प्रतीनेच वाचवले. शिवाय दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचे धोरण गूगलने डिसेंबर 2023 पासून लागू केले आहे. दिवंगत आईवडिलांच्या खात्यातली पत्रे जपू पाहणाऱ्या घरांनी ही मुदत ध्यानात ठेवायला हवी.

म्हणून रोजच्या वापराला आयमॅप आणि जपणुकीला स्वतःची प्रत, अशी दोन्ही उत्तरांची सांगड घालणे हेच शहाणपण आहे. गूगल टेकआउटमधून सगळा पत्रव्यवहार एमबॉक्स या खुल्या स्वरूपात उतरवता येतो आणि थंडरबर्डसारखे मोफत सॉफ्टवेअर इतर खात्यांचीही प्रत संगणकात ठेवू शकते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत कागदपत्रे लावताना, ही प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून ठेवा. फोन, लॅपटॉप आणि कचेरीतला संगणक यांचा मेळ सर्व्हर घालतो. पत्रे जपण्याची जबाबदारी मात्र आपलीच आहे.