प्रलयानंतरचा खून : कच्चा माल पुण्यातच

जग बुडाल्यावर उरलेल्या मूठभर माणसांत खून होतो. स्टुअर्ट टर्टनच्या २०२४ मधल्या कादंबरीत बेटाभोवती मारक धुके आहे, आत १२२ गावकरी आणि तीन शास्त्रज्ञ. मराठीत ही मांडणी करायची तर बेट कशाला हवे? पुण्याचा पूर पुरे.

१२ जुलै १९६१. बांधकाम अपूर्ण असलेले पानशेत धरण सकाळी फुटले, पाठोपाठ खडकवासलाही. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. शहराला पाणी पुरवणारे खडकवासलाच वाहून गेल्याने पूर ओसरला तरी नळ कोरडे. लोक जुन्या विहिरी आणि हौदांकडे वळले. स्वारगेटजवळ पर्वती, सहकारनगर भागात पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. घर, शेजार, ओळख सगळे नव्याने. खोटे नाव सांगून राहणाऱ्या पात्राला याहून सोयीची जागा नाही.

आणि गुन्हेगार कोण? धरणफुटीच्या चौकशी आयोगाचे पहिले अध्यक्ष न्या. बावडेकर यांनी काम अर्धवट असतानाच आत्महत्या केली, पुढे न्या. नाईक आयोगाने अहवाल दिला. कल्पनेतून असे कथानक आणले तर संपादक ‘जरा अतीच होतंय’ म्हणून परत पाठवेल.

प्रेत लपवायला जागा हवी असेल, तर तीही आहे. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात जुने भुयार सापडले, ते पाणी वाहून नेण्यासाठी असावे. शेजारीच पर्वतीचे जलकेंद्र. प्रलयानंतरच्या शहरात जलकेंद्राच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला, पहिला संशय त्याच्यावर.