कातळावरील तपकिरी समुद्रशैवालांची ओळख

मालवणच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली म्हणजे कातळावर तपकिरी झुडुपे, पंखे व फिती उघड्या पडतात. व्यवहारात या सर्वांस ‘शेवाळ’ हे एकच नाव पुरते. वस्तुतः त्यांतील चार-पाच प्रकार पाचवीच्या विद्यार्थ्यासही नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येतात. ही ओळख शैवाल न उपटता कशी करून द्यावी, याचा विचार येथे केला आहे.

रंग. समुद्रशैवालांचे हिरवे, तांबडे व तपकिरी असे तीन मोठे गट आहेत. तपकिरी शैवालातही हरितद्रव्य असते; परंतु फ्यूकोझँथिन या रंगद्रव्यामुळे ते झाकले जाते. ताज्या तुकड्यावर शिक्षकाने कढत पाणी ओतले असता तपकिरी छटा जाऊन हिरवा रंग प्रकट होतो. हा प्रयोग विद्यार्थ्यांच्या कायम स्मरणात राहतो. तथापि केवळ रंगावर विसंबू नये. उन्हात सुकलेले तांबडे शैवालही काळपट-तपकिरी दिसते. म्हणून आकार पाहण्याची सवय लावावी.

ओळखीच्या खुणा.

(१) सारगॅसम : हे झुडुपासारखे वाढते. त्यास देठ, मध्यशीर असलेली व बहुधा दातेरी कडांची पाने आणि मिरीएवढे गोल फुगे असतात. मुले या फुग्यांस फळे समजतात. ती फळे नव्हेत. त्यांत हवा असते व तिच्या योगे झुडूप पाण्यात उभे राहून प्रकाशाकडे जाते.

(२) पडायना : उघडलेल्या पंख्यासारखा आकार, त्यावर एकाआड एक अर्धवर्तुळाकार पट्टे आणि आत वळलेली बाहेरची कड, या तीन खुणा पुरेशा आहेत. पृष्ठभागावर चुन्याचा पातळ थर बसत असल्याने पंखा पांढुरका भासतो.

(३) डिक्टिओटा : पातळ, चपट्या फिती, प्रत्येक फीत पुनःपुन्हा दोन सारख्या भागांत दुभंगते. मध्यशीर नसते.

(४) स्टोकोस्पर्मम : हेही फितीसारखेच व दुभंगणारे, म्हणून डिक्टिओटाशी घोटाळा होतो. वाढलेल्या फितीच्या दोन्ही कडांलगत गडद रेषा दिसल्यास ते स्टोकोस्पर्मम समजावे. त्या रेषा प्रजननाच्या ठिपक्यांच्या होत.

(५) कोल्पोमेनिया : पिवळसर तपकिरी, सुरकुतलेला, आतून पोकळ फुगा. बोटाने हलकेच दाबले असता पोकळपणा कळतो.

मूळ नव्हे, पकड. शैवालास खरे मूळ, खोड वा पान नसते. वर ‘देठ’ व ‘पाने’ हे शब्द केवळ आकारावरून योजिले आहेत. आधुनिक वर्गीकरणात तपकिरी शैवालांची गणना हिरव्या वनस्पतींच्या वंशात होत नाही. बुडाशी असलेली चकती किंवा तंतूंचा झुपका केवळ कातळास धरून ठेवतो; पाणी व क्षार सर्व अंगाने शोषले जातात. ही पकड एकदा सुटली की ते झुडूप पुन्हा कातळास चिकटत नाही. त्याच्या आडोशास माशांची पिले, खेकडे व शंख-शिंपले वाढतात. एका वर्गातील चाळीस मुलांनी एकेक झुडूप उपटले तर लहानसा कातळ उघडा पडतो, हे विद्यार्थ्यांस आवर्जून सांगावे.

कायदा. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांचा परिसर गाभा क्षेत्रात येतो. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीवाचून काहीही तोडू वा उचलू नये. सहलीपूर्वी हद्दीविषयी वनविभागाकडे चौकशी करावी. प्रयोगासाठी हद्दीबाहेर वाळूवर वाहून आलेला तुकडाच घ्यावा.

वेळ व सुरक्षितता. पावसाळ्यातील लाटांच्या माऱ्याने बरेचसे शैवाल उखडून जाते; पावसाळा ओसरल्यावर ते पुन्हा वाढू लागते. म्हणून हिवाळ्याचे महिने निवडावेत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटीचे पाणी अधिक मागे हटते. पण त्याच दिवसांतील भरतीही मोठी असते. ओहोटीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते, हे ध्यानी घेऊन दिवस ठरवावा व ती वेळ गावातील अनुभवी मच्छीमाराकडून पडताळून घ्यावी. पूर्ण ओहोटीपूर्वी तासभर पोहोचावे आणि पाणी फिरताच परतावे. शेवाळलेला कातळ निसरडा असतो. मुलांनी जोडीने चालावे, समुद्राकडे पाठ करू नये. किनाऱ्याच्या बाजूस मुले व पाण्याच्या बाजूस शिक्षक, हा नियम मोडू नये.

नोंद. प्रत्येक जोडीने वहीत तिथी, वेळ, जागा (डबके, उघडा कातळ की फट), आकाराचे चित्र व ओळखीची खूण लिहावी. घरच्या वडीलधाऱ्यांकडून त्या शैवालाचे स्थानिक नाव मिळाल्यास तेही टिपावे. त्याच कातळाची नोंद दरवर्षी त्याच महिन्यात ठेवल्यास कोणते शैवाल वाढले व कोणते दिसेनासे झाले, हे काही वर्षांत शाळेच्या दप्तरावरूनच कळेल.