सिस्टर दमल्या म्हणजे कच्च्या नव्हेत

मीरा रोड-भाईंदरमध्ये मुलीला नर्सिंगला घातलं की सोसायटीतले लोक दोन गोष्टी सांगतात: नोकरी हमखास मिळते, आणि मन घट्ट करावं लागतं. पहिलीवर वाद नको. दुसरीतून मात्र एक गैरसमज जन्माला येतो, की मन कच्चं असेल त्यांनाच बर्नआउट होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली, पण आजार म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणचा ताण लांबत जातो, त्याला वाट मिळत नाही, आणि त्यातून ही अवस्था येते. तिच्या तीन खुणा आहेत. अंगात त्राण उरत नाही, कामाबद्दल कडवटपणा येतो, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागतं. या सगळ्यात स्वभावाचा उल्लेखही नाही.

मग दोष कुठे शोधायचा? आधी वॉर्डातले रुग्ण मोजावेत. लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नर्सवर एक रुग्ण वाढला की तिला बर्नआउट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. शस्त्रक्रिया झालेला रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यताही ७ टक्क्यांनी. आपल्या भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो की सर्वसाधारण वॉर्डात अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स असावी, इतरत्र पाच रुग्णांमागे एक. टेंभ्याचं भीमसेन जोशी रुग्णालय असो की मीरा रोडचं एखादं खाजगी, ‘सिस्टर का चिडल्या?’ हा प्रश्न विचारण्याआधी हा हिशेब करावा. नाइटला बदली न आल्याने डबल ड्युटी केलेल्या सिस्टरला कुणी ध्यानधारणेचं शिबिर सुचवलं, तर मला हसू येतं. ध्यान वाईट नाही, पण त्याने ड्युटीचा तक्ता बदलत नाही.

दुसरा गैरसमज विद्यार्थिनींचा स्वतःबद्दलचा आहे: ‘सलाईन लावताना हात थरथरतो, म्हणजे हे काम माझं नाही.’ पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या नवशिकेपणापासून निष्णात होण्यापर्यंतचे पाच टप्पे मांडले. मधला, म्हणजे कामात सक्षम होण्याचा टप्पा, सारख्याच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं काढल्यावर येतो. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांची, जीएनएम पदविका तीन. पोस्टिंग मात्र दर काही आठवड्यांनी बदलतं. कालपर्यंत प्रसूती, आज मेडिसिन, म्हणजे पुन्हा नवशिकी. मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्येच लिहिलं होतं की शिकवलेली नर्सिंग आणि वॉर्डातली नर्सिंग यांत पडणाऱ्या अंतराचा धक्का नव्या नर्सना बसतो, आणि त्यापायी अनेक जणी काम सोडतात. शिवाय स्वतःबद्दल शंका येणारी मुलगी औषधाचा डोस दोनदा तपासते. मला तरी अशीच सिस्टर माझ्या खाटेपाशी हवी.

आणि ‘चार दिवस गावी जा, बरं वाटेल’? सुट्टीने झोप भरून निघते. पण परतल्यावर वॉर्ड तोच असेल, तर तो आराम फार टिकत नाही. तो टिकायचा असेल तर इन्चार्ज, मेट्रन आणि व्यवस्थापनाकडे मनुष्यबळाचाच विषय काढावा लागतो.

एक फरक मात्र ओळखता यायला हवा. ऑफच्या दिवशीही कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते कामाच्या ताणापलीकडचं, नैराश्यही असू शकतं. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत मिळते, आणि मराठीतही बोलता येतं. नाइट ड्युटीच्या मधल्या वेळेतही हा फोन लागतो.