दाणे टिपणारा पक्षीही आजारी असू शकतो

‘काल संध्याकाळपर्यंत छान बोलत होता, सकाळी पाहिलं तर पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडलेला.’ पक्षी पाळणाऱ्या घरांतून हे वाक्य हमखास ऐकू येतं. पण बजी, लव्हबर्ड किंवा कॉकटेल सहसा एका रात्रीत दगावत नाही. आजार बहुधा काही दिवस, कधी काही आठवडे आधीच सुरू झालेला असतो. तो उशिरा लक्षात येतो आणि मग पेट शॉपमधले थेंब, शेजाऱ्यांचे उपाय आणि ‘उद्या बघू’ यांत उरलेला वेळही निघून जातो. या दिरंगाईमागे काही ठरावीक समजुती असतात.

गैरसमज १ : दाणे खातोय, म्हणजे बरा आहे.

वस्तुस्थिती : थव्यातला दुबळा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो. त्यामुळे आजार लपवणं पक्ष्यांच्या अंगातच असतं आणि पिंजऱ्यात जन्मलेला बजीही त्याला अपवाद नाही. आजारी पक्षी वाटीजवळ बसून दाणे सोलतो, पण गिळत नाही. वाटीत वर टरफलं साचतात आणि ती भरलेली दिसते. म्हणून भरवसा वजनावर ठेवावा. बजी साधारण ३० ते ४० ग्रॅमचा, कॉकटेल ८० ते १०० ग्रॅमचा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आठवड्यातून एकदा, सकाळी खाणं देण्याआधी वजन करून लिहून ठेवावं. ३५ ग्रॅमच्या बजीचं वजन साडेतीन ग्रॅमनं उतरलं, तर शरीराचा दहावा हिस्सा गेला. पिसांखाली ही घट डोळ्यांना दिसत नाही.

दिवसाही पिसं फुलवून पेंगणं, आवाज बंद होणं, विष्ठा बदलणं ही सुरुवातीची लक्षणं. विष्ठेत तीन भाग असतात : हिरवा किंवा तपकिरी मळ, पांढरा युरेट आणि पाण्यासारखं मूत्र. यांपैकी कशाचाही रंग किंवा प्रमाण बदलून तसंच राहिलं, तर तपासणी हवी. चोच उघडी ठेवून श्वास, श्वासागणिक वरखाली होणारी शेपटी आणि पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

गैरसमज २ : थंडी वाजतेय, ब्रँडीचे दोन थेंब नाहीतर हळद-तेल पाजावं.

वस्तुस्थिती : पक्ष्याच्या शरीराचं तापमान ४० ते ४२ अंश सेल्सिअस असतं. आजारपणात ते टिकवायला शक्ती कमी पडते, म्हणून तो पिसं फुलवतो. त्याला ऊब हवी हे खरं, पण ती बाहेरून. पिंजऱ्याच्या एका बाजूला, बाहेर, साधा पिवळा बल्ब लावावा आणि त्या बाजूचं तापमान ३० अंशांच्या आसपास ठेवावं. दुसरी बाजू मोकळी असावी, म्हणजे गरम झालं तर पक्ष्याला सरकता येतं. मद्यानं ऊब येत नाही, अपाय मात्र होतो. शिवाय पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. चोच उघडून ओतलेलं तेल, पाणी किंवा पातळ खिमट सरळ फुप्फुसांत जाऊ शकतं. अशक्त पक्ष्याला बळजबरीनं भरवणं म्हणूनच धोक्याचं.

गैरसमज ३ : पाण्यात अँटिबायोटिक टाकलं की काम झालं.

वस्तुस्थिती : आजारी पक्षी पाणी कमी पितो, चव बदलली तर आणखी कमी. मग पोटात किती औषध गेलं, हे कुणालाच सांगता येत नाही. शिवाय प्रत्येक आजार जिवाणूंचा नसतो. बजी खात असूनही झिजत जातो, त्यामागे अनेकदा पोटातली एक प्रकारची बुरशी असते. श्वासाचा त्रास अ‍ॅस्परजिलस बुरशीमुळे होऊ शकतो, सुस्ती पिंजऱ्याच्या जस्त चढवलेल्या तारा कुरतडल्यानं झालेल्या विषबाधेची असू शकते, आणि मादी कुंथत असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं. नर सोबत नसला तरी माद्या अंडी घालतात. यांतल्या एकावरही अँटिबायोटिक हा इलाज नाही.

गैरसमज ४ : माणसाचं किंवा जनावराचं औषध कमी मात्रेत चालतं.

वस्तुस्थिती : याचं उत्तर गिधाडांनी जीव देऊन दिलं आहे. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडं झपाट्यानं नाहीशी होऊ लागली. गाईगुरांना सर्रास टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्याला कारण असल्याचं २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आलं. औषध दिलेलं जनावर मेलं आणि ते गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे त्याच वर्गातलं औषध मात्र गिधाडांना सुरक्षित ठरलं. औषध कोणतं आणि कोणत्या पक्ष्याला, हे ठरवायला अंदाज पुरत नाही. मात्रा तर त्याहून नाजूक बाब. ३५ ग्रॅमच्या बजीच्या अंगात रक्तच जेमतेम साडेतीन मिलिलिटर असतं, चहाच्या चमच्याहूनही कमी.

गैरसमज ५ : जनावरांचा कुठलाही डॉक्टर चालेल, किंवा पक्ष्यांचा डॉक्टर आपल्याकडे नसतोच.

वस्तुस्थिती : दोन्ही टोकं चुकीची. आपल्याकडच्या पशुवैद्यकीय शिक्षणाचा भर गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री-मांजरं आणि कोंबड्यांवर असतो. त्यात कोंबड्यांचं वैद्यक कळपाचं. तिथे मेलेली कोंबडी फाडून उरलेल्या वाचवायच्या असतात. पिंजऱ्यातल्या एकट्या पोपटावर उपचार करण्याचं कौशल्य वेगळं. अमेरिकेत पक्षीवैद्यकासाठी स्वतंत्र विशेषज्ञ परीक्षा आहे. आपल्याकडे मात्र सराव असलेला डॉक्टर विचारपूस करूनच शोधावा लागतो. मोठ्या शहरांत असे डॉक्टर आहेत. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही चौकशी करता येते.

डॉक्टरला सरळ विचारावं : आठवड्याला किती पक्षी तपासता? ग्रॅमचा काटा आहे का? विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहता का? भूल वायूची देता का? पक्षी दाखल करायला उबदार पिंजरा आहे का? जाणकार डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. जवळ कुणी नसेल, तर नेहमीच्या डॉक्टरनं दूरच्या अनुभवी डॉक्टरशी फोनवर बोलून उपचार करणं हाही चांगला मार्ग आहे.

गैरसमज ६ : प्रवासाच्या ताणानंच पक्षी मरेल.

वस्तुस्थिती : ताण होतो, पण तो कमी करता येतो. उपचारावाचून जाणारे तास मात्र परत मिळत नाहीत. लहान पिंजरा किंवा हवेची भोकं असलेला खोका घ्यावा, त्यावर कापड टाकावं, पाण्याची वाटी काढून ठेवावी आणि गाडीत एसीचा झोत येऊ देऊ नये. तळाचा कागद बदलू नये. ताजी विष्ठा डॉक्टरला पाहू द्यावी. पक्षी हातात धरताना छाती दाबू नये. त्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छाती हलली नाही तर तो गुदमरतो.

गैरसमज ७ : पक्ष्यांचे आजार माणसाला होत नाहीत.

वस्तुस्थिती : पोपटवर्गातले पक्षी सिटाकोसिस हा आजार पसरवू शकतात. १९२९-३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून गेलेल्या पोपटांमुळे अमेरिका आणि युरोपात त्याची मोठी साथ आली होती. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून जाते आणि ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला, प्रसंगी न्यूमोनिया होतो. योग्य औषधांनी तो बरा होतो, पण घरात पक्षी आहे हे आपल्या डॉक्टरला सांगायला हवं.

नवा पक्षी घरी आणला की आधी त्याला इतरांपासून महिना-दीड महिना वेगळं ठेवावं आणि पहिल्याच आठवड्यात पक्ष्यांच्या डॉक्टरकडून तपासून घ्यावं. धडधाकट असतानाचं वजन आणि विष्ठेचा अहवाल डॉक्टरच्या नोंदीत असला, तर पुढे बिघाड ओळखणं सोपं जातं. त्याच भेटीत रविवारी आणि रात्री कुठे जायचं, हेही विचारून घ्यावं. पक्षी तळाशी बसल्यावर डॉक्टरचा शोध सुरू केला, तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.