हौद, तोटी आणि मधुमेह

नव्या औषधाची परीक्षा प्रयोगशाळेत होते; परंतु शासनाने आखलेल्या आरोग्यधोरणाची परीक्षा कोठे घ्यावयाची? मधुमेहासारखा रोग वर्षानुवर्षे अंगात मुरत असतो. उपाय फसला हे कळेपर्यंत एक पिढी सरलेली असते. या अडचणीतून वाट काढण्यासाठी शास्त्रज्ञांनी संगणकाचा आधार घेतला. लोकसंख्येची गणिती प्रतिकृती संगणकात उभारावयाची, तिच्यावर निरनिराळे उपाय योजून पाहावयाचे आणि पुढील काही दशकांत काय घडू शकेल याचा अंदाज बांधावयाचा, अशी ही रीत आहे. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत जे फॉरेस्टर यांनी १९५० नंतरच्या दशकात तिचा पाया घातला. तेव्हा विषय मात्र कारखान्यांच्या कारभाराचा होता.

हिचे मर्म समजण्यास हौदाचे उदाहरण पुरेसे आहे. हौदातील पाणी म्हणजे आज मधुमेह असलेले लोक. वरची तोटी म्हणजे दरवर्षी पडणारी नव्या रुग्णांची भर. तळाची मोरी म्हणजे रुग्णांचे मृत्यू. उपचार सुधारले की रुग्ण अधिक काळ जगतात, म्हणजेच मोरी अरुंद होते. तोटी तशीच वाहत राहिली, तर हौदाची पातळी चढणारच.

गोष्ट इतकी साधी, तरीही ती निसटते. अमेरिकेच्या शासनाने २०१० सालासाठी आरोग्याची उद्दिष्टे ठरविली होती. १९९७ साली मधुमेहाचे निदान झालेले लोक दर हजारी ४० होते. ते प्रमाण २५ वर आणावयाचे होते. त्याच वेळी निदान न झालेले रुग्ण शोधून काढावयाचे आणि मृत्यूही घटवावयाचे होते. प्रत्येक उद्दिष्ट स्तुत्य होते, पण ती एकमेकांना छेद देत होती.

अँड्र्यू जोन्स, जॅक होमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राबरोबर अशी एक प्रतिकृती रचली आणि २००६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९८० पासूनची मधुमेहाची वाढ तिने उलगडून दाखविली आणि २०५० पर्यंतच्या शक्यता मांडल्या. केवळ उपचारांवर भर दिला तर रुग्णसंख्या वाढते, आणि दीर्घकाळात मधुमेहामुळे होणारे मृत्यूही त्याने घटत नाहीत, असे तीतून दिसले. लठ्ठपणा रोखून तोटी आवळली तर लाभ खरा. पण तो पदरी पडावयास बराच काळ जावा लागतो. पुढे २०२० सालासाठी ठरविलेल्या उद्दिष्टांत वर्षाकाठी होणारे नवे रुग्ण कमी करण्यावर भर आला.

अर्थात प्रतिकृती म्हणजे काही भविष्यकथन नव्हे. तीत भरलेली गृहीते चुकीची असतील तर उत्तरही चुकणार. तिचे मोल इतकेच की, ती धोरणकर्त्याला आपली गृहीते उघड मांडावयास लावते.

हा विचार आपल्याही दाराशी आला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. गोव्यात तर हे मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक आढळले. उद्या हे आकडे चढले तर ती केवळ अपयशाची खूण समजू नये. वेळीच निदान होऊन माणसे अधिक जगू लागल्याचाही तो परिणाम असू शकेल. म्हणून रुग्ण किती, एवढेच विचारून भागणार नाही. यंदा नवे किती झाले, हे विचारावयास हवे. आणि त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळावयास दोन-तीन निवडणुकांहून अधिक काळ लागेल, हेही शासनाने व आपण सर्वांनी ध्यानात ठेवावयास हवे.